नाशिकहून ज्वालामुखीचे डोंगर आणि गरम पाण्याची कुंडं एका दिवसात: या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक घरी बसल्या बसल्याच होते. लोक आइसलँडचे रील बघतात आणि फोन करतात, "दादा, तुमच्या त्या ज्वालामुखीवाल्या ट्रिपमध्ये क्रेटर दाखवता ना?" अहो कसला क्रेटर! आपल्याकडचा लाव्हा काही एका डोंगराच्या तोंडातून आलेला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून तो निघाला आणि पसरला, तो थर थंड झाला की त्याच्यावर दुसरा, मग तिसरा, अशी चपात्यांची चवड साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी रचली गेली. त्र्यंबकजवळचे ब्रह्मगिरी, अंजनेरी म्हणजे त्या चवडीचा झिजून उरलेला भाग. ब्रह्मगिरीवर चढून खड्डा शोधणारे बघितलेत मी, त्यातले एक साहेब खाली उतरून म्हणाले, मग आज लोणार तरी करून टाकू. एक तर ते बुलढाण्यात, आणि दुसरं म्हणजे ते उल्का आदळून झालेलं विवर आहे, दगड तेवढा हाच, काळा बेसॉल्ट, म्हणजे थंड होऊन घट्ट झालेला लाव्हा.

मग बघायचं काय? तर डोंगराची बाजू. टणक थर उभा कडा धरून ठेवतो, बुडबुड्यांच्या भोकांचा नरम थर झिजून उतार होतो आणि त्याच्यावर झाडी येते, म्हणून तर सगळे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. मधेच कुठेतरी विटेच्या रंगाचा पट्टा दिसला की गाडी थांबवायला सांगा, तिथे दोन लाव्ह्यांमध्ये इतका वेळ गेला की खालच्याची माती झाली, आणि मग वरून नवा लाव्हा येऊन ती भाजून निघाली. (थांबवा म्हणजे कसारा घाटात नाही हं, तिथे ट्रकवाले तुमचा लाल पट्टा बघत नसतात.) आणि ज्या भेगांमधून लाव्हा वर आला त्यांच्यात तो शेवटी आतच गोठला, आजूबाजूचं झिजलं की त्याची भिंत उरते. धोडप किल्ल्याची ती खाच पडलेली भिंत तसलीच, पण ती चांदवडच्या बाजूला, तिला वेगळा दिवस द्या.

दुसरी चूक म्हणजे क्रम उलटा करणं. माझी सवय अशी की पहाटे पाचला नाशिक सोडायचं, इगतपुरी, कसारा घाट उतरून थेट गणेशपुरी-अकलोलीची कुंडं, आणि येताना वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा करत त्र्यंबकवरून घरी. म्हणजे सकाळी गारव्यात कुंड होतं, आणि परतताना तुम्ही कोकणाच्या तळातून एकेक थर चढत वर येता, संध्याकाळच्या उन्हात अंजनेरीचे कडे समोर. पण ऐकतं कोण! एका मे महिन्यात एक मोठं कुटुंब आलं, दोन गाड्या, ठरलेला प्लॅन निघताना बदलला. आधी मिसळ, मग "सोमवार आहे, त्र्यंबकला पाच मिनिटं दर्शन घेऊ". सोमवारी, सुट्टीत, पाच मिनिटं! रांगेतून बाहेर पडले तेव्हा दुपार झाली होती, मग घाईघाईत जव्हारमार्गे खाली, पोरं गाडीत ओकलेली, आणि भर उन्हात कुंडावर. मी सांगत होतो की आधी हाताने पाणी बघा, प्रत्येक कुंडाचं वेगळं असतं, सगळ्यात गरम असेल त्यात उतरायचं नाही. त्यातल्या काकांना शुगर, बरीच वर्षं, त्यांनी आल्या आल्या नेमक्या त्याच कुंडात पाय सोडले आणि मजेत गप्पा मारत बसले, म्हणे "काही एवढं गरम नाही". त्यांना नसेल लागलं, पायाची जाणीवच कमी झालेली. रात्रीपर्यंत दोन्ही पावलांवर फोड आले. तेव्हापासून शुगर, बीपीवाल्यांना मी निघायच्या आधीच विचारतो, आणि कोणी हसलं तरी विचारतो.

कुंडाचं अजून एक. "खाली अजून लाव्हा उकळतोय ना?" नाही हो. तो दगड कधीच थंड झालाय. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, जमिनीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण २५-३० अंश तापमान वाढत जातं, ते तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. कोकणपट्टीत अशा भेगा आहेत म्हणून तिथे कुंडं आहेत. ड्रायव्हरलाच गाईड समजून पैसे वाचवणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, त्यांना प्रत्येक दगड पांडवांनी ठेवलेला म्हणून दाखवतात, ते ऐकून यायचं असेल तर खुशाल या.

चांदीचे पैंजण, अंगठ्या काढून ठेवा, गंधकाच्या पाण्यात काळे पडतात. भर पावसात कुंडाचा हट्ट नको, शेजारी तानसा नदी आहे, ती चढली की कुंडं तिच्या पोटात जातात. पावसात अंजनेरीही ढगात असते, थर बघायचे तर दिवाळीनंतर या.

आणि ती स्क्रू-ड्रायव्हरवाली मंडळी! पांडवलेणीच्या भिंतीत पांढरा खडा चमकला की खरवडायला लागतात. अहो ते संरक्षित स्मारक आहे, दोन हजार वर्षांपूर्वी लोकांनी याच बेसॉल्टमध्ये छिन्नीने काम केलंय. तो खडा म्हणजे झिओलाइट, लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत नंतर पाण्याने साचलेला. बघायचाय तर सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे, तिथे एकेक नमुना असा आहे की खिशातला खडा तुम्ही स्वतःच टाकून द्याल. पण तेही याच दिवसात कोंबू नका.

जेवण जव्हारला, आणि तेही सकाळीच फोन करून सांगून ठेवायचं, नाहीतर तीन वाजता बिस्किटं खात मोखाडा गाठावा लागतो.