डीएमने प्लेअर्सना आकडे किती सांगायचे?

डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा कथेचा खेळ) फिफ्थ एडिशन चालवताना नव्या डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, वाटतं सगळं टेबलवरच्या आडोशाच्या स्क्रीनमागे झाकून ठेवलं की मजा येते, पण तसं नसतं हो. साधा हिशोब ठेवा, कॅरेक्टरला डोळ्याने दिसेल ते प्लेअरला सांगून टाकायचं. भिंत चढायचीय? फासा रोल करायच्या आधीच बिनधास्त सांगा, डीसी (जमण्यासाठी गाठायचा आकडा) १५ आहे. भिंत ओली आहे, पकड नाही, हे त्या चोर कॅरेक्टरला (रोगला) दिसतंच आहे ना.

मॉन्स्टरचा एसी, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, मात्र पहिल्याच टर्नला सांगू नका. दोन-तीन वार होऊ देत, १४ चुकला आणि १५ लागला की टेबलवरचे हुशार लोक आपणच ओळखतात, मग लपवून काय उपयोग, सांगून मोकळे व्हा, फाइट पण पटापट होते. एचपीचा (किती जीव उरलाय त्याचा) आकडा मी कधीच देत नाही, मॉन्स्टर निम्म्यावर आला की "रक्तबंबाळ झालाय, लंगडतोय" एवढंच.

मॉन्स्टरच्या अटॅकचा टोटल उघड बोला. विझार्डला शील्ड हा स्पेल टाकून +५ एसी मिळतो, १७ आलेत की २४ हे माहीतच नसेल तर बिचारा स्पेल स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) उगाच घालवणार.

ट्रोलचं रीजनरेशन (जखमा आपोआप भरणं) वेगळी गोष्ट. ते थांबवायला आग किंवा अ‍ॅसिड लागतं हे आधी सांगायचं नाही, पण जखमा भरताना दिसतायत हे दर टर्नला ठासून सांगायचं, तरी कोणाची ट्यूब पेटली नाही तर अर्काना किंवा नेचर चेक (जादूची किंवा निसर्गाची माहिती आहे का ते बघणारा रोल) मागा.

स्टेल्थचा (लपूनछपून जाण्याचा) विषय निघाला की भांडणं होतात, तो रोल सरळ स्क्रीनमागे.