मांजराची शेपूट लोंबकळली तर आधी लघवी बघा

आमच्या कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, पावसाळ्यात मांजरं हमखास गाडीखाली नायतर बोनेटमध्ये ऊब धरून बसतात, आणि सकाळी कुणीतरी गाडी चालू केली की शेपूट सापडते. आमच्या चिंगीचं असंच झालेलं. शेपूट दोरीगत लोंबत होती पण रक्त काहीच नव्हतं, म्हणून आम्ही म्हटलं मुका मार असेल, दोन दिवसात बसेल. दुसऱ्या दिवसापासून ती घरभर थेंब थेंब मुतायला लागली, मग आईनं रागावून तिला गॅलरीत ठेवलं. शेवटी दवाखान्यात नेलं तर डॉक्टरनी पोटाला हात लावला आणि सांगितलं की ही मुतत नाहीये, हिची लघवीची पिशवी तुडुंब भरलीय आणि वरचं नुसतं सांडतंय. आई तिथंच रडली. म्हणून हे लिहितोय.

शेपटीत वीसेक मणके असतात. पाठीतली मुख्य मज्जारज्जू शेपटीपर्यंत येत नाही, तिथं नुसत्या नसा असतात, आणि लघवी-शी सांभाळणाऱ्या नसा त्यांच्या अगदी शेजारूनच निघतात. शेपूट जोरात ओढली गेली (गाडीचं चाक, दार, कुत्र्यानं धरली, पोरांनी ओढली) की बुडाशी ह्या सगळ्याच नसा ताणतात किंवा तुटतात. टोकाकडं मोडली तर बहुतेक वेळा वाकडी गाठ राहते आणि मांजर मजेत जगतं. बुडाशी लागलं तर प्रकरण वेगळं.

आता बघायचं कसं. घाबरलेलं मांजर शेपूट पायात घालतं, ते वेगळं. लागलेलं असेल तर मांजर चालताना शेपूट नुसती खाली लोंबते, हलत नाही, शीनं बरबटते. लांबूनच बघा, ओढून उचलून तपासू नका, आणि संवेदना आहे का बघायला चिमटे काढत बसू नका, ते डॉक्टर बघतात. मातीचा ट्रे नवा भरून ठेवा म्हणजे किती गोळा होतंय ते कळतं. ट्रेमध्ये बसून जोर काढतंय आणि काही येत नाही, किंवा झोपलेल्या जागी ओलं राहतंय, की लगेच निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. चोवीस तास लघवी झाली नाही तर जीवावर बेततं. आणि पोट दाबून लघवी काढायचा प्रयोग स्वतःच्या मनानं करू नका, डॉक्टरनी हातात हात धरून शिकवल्यावरच.

बोका असेल तर भांडणात मागून चावा बसतो, तोही शेपटीच्या बुडालाच. दाताचं भोक एवढंसं असतं, वरून बुजतं आणि आत पू धरतो. दोन-चार दिवसांनी तिथं गरम सूज, हात लावला की फिस्कारणं, खाणं बंद, ताप. ताप म्हणजे साधारण १०२.५ फॅरेनहाइटच्या वर. ते घरी पिळू नका, अँटिबायोटिक लागतं.

उघडी जखम असेल तर पाणी उकळून गार करा, अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा मीठ, आणि त्यानं हळूहळू धुवा, वर स्वच्छ कापड. कापड घट्ट गुंडाळू नका, शेपटीत रक्त पोचायचं थांबतं आणि टोक गार पडून काळं होतं. डेटॉल लावू नका, मांजर चाटतं आणि ते त्याला विषारी आहे. आपल्याकडं जखमेत किडे पडले की डांबरगोळी नायतर फिनेल घालतात, लई जणांना वाटतं तेच औषध आहे, पण मांजर त्यानं मरू शकतं! पावसाळ्यात माशा बसल्या की एका दिवसात अळ्या होतात, तेव्हा उशीर न करता दवाखान्यात न्या.

दुखतंय म्हणून आपली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण त्याच्या लिव्हरला ती पचवताच येत नाही. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, तेही नाही.

नेताना टॉवेलात मागच्या बाजूला आधार देऊन गुंडाळा आणि झाकणाच्या बास्केटमध्ये ठेवा. दुखणारं मांजर मालकालाही चावतं, चावलं तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात (आमच्याकडं सीपीआर) जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचं विचारा. कुत्र्यानं मांजराला धरलं असेल तर डॉक्टरना तेही सांगा.

मांजराच्या दवाखान्यात एक्स-रे काढतात, बुडाला संवेदना आहे का बघतात, ती असेल तर आशा बरीच असते. मग पिंजऱ्यात विश्रांती आणि दिवसातून दोन-तीनदा लघवी काढणं. नसा सावरायला वेळ लागतो, पण महिन्याभरात लघवीचा ताबा आला नाही तर पुढं यायची शक्यता कमी. शेपूट मेलेलीच असेल तर ती काढतात, कारण ती घाणीत लोळते आणि जड ओझ्यागत नसांना ओढते. ऑपरेशनला घाबरू नका, टाके दहा-चौदा दिवसात निघतात, तोवर गळ्यातला कोन (टाके चाटू नयेत म्हणून घालतात तो) काढायचा नाही, कितीही केविलवाणं ओरडलं तरी.

चिंगीची शेपूट काढली. अठराव्या दिवशी तिनं स्वतः ट्रे उकरला आणि बसली, आणि आईनं तो ओला गोळा आम्हाला सगळ्यांना बोलावून दाखवला.