थेरपीचा उपयोग होतोय का, कसं ओळखायचं

सेशन झालं की हलकं वाटतं म्हणजे थेरपी लागू पडली असं धरू नका, मला पण तसंच वाटायचं, दोन दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. खरं बघायचं ते मधल्या आठवड्यात, झोप कशी लागतीय, घरात आवाज किती चढतोय, फोन उचलायचं टाळतोय का. मी तर चार महिने रंकाळ्यावर जायचं बंद केलेलं, कोण ओळखीचं भेटंल म्हणून, आणि सहाव्या सेशननंतर एका संध्याकाळी आपसूक गाडी तिकडं वळली, कठड्यावर बसून शेंगा खाल्ल्या, तेव्हा कळलं काहीतरी हललंय.

वहीत मोजा पण. पीएचक्यू-9 म्हणून डिप्रेशनची 9 प्रश्नांची चाचणी आहे, मागच्या 2 आठवड्यांबद्दल, स्कोअर 0 ते 27. सुरुवातीला भरा, मग दर महिन्याला, 5 गुणांनी उतरला तर फरक खरा. शेवटचा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा, तिथं हो आलं तर पुढच्या सेशनची वाट बघू नका, टेलिमानस म्हणून सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, तिला 14416 वर फोन लावा, फुकट आहे, रात्री पण चालू असतं.

जुनं उकरल्यावर मधेच त्रास वाढतो, तेवढ्यावर सोडू नका. पण 6-8 सेशन झाली नि काहीच हलेना तर सरळ विचारा, "मॅडम, आपण नक्की कशावर काम करतोय?" चांगली थेरपिस्ट चिडत नाही, पद्धत बदलते नाहीतर दुसऱ्याकडं पाठवते. माझ्या आधीच्या थेरपिस्टनी हा प्रश्न उडवून लावलेला, मी तिथं जायचं थांबवलं.