रेससाठी रोटरी इंजिन घेताय? आधी उष्णतेचा हिशोब मांडा

रेसच्या गाडीत रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी तीन कोपऱ्यांचा रोटर गोल फिरणारं इंजिन, बसवायचं ठरवलं असेल, तर पाना हातात घेण्याआधी नियमपुस्तक उघडा. ज्या वर्गात उतरणार, तिथे रोटरीची सीसी कशी मोजतात ते शोधा. माझदाच्या १३बी इंजिनात दोन रोटर असतात, प्रत्येकी ६५४ सीसीचे, म्हणजे कागदावर १३०८ सीसी. पण शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटर एकदा पेटतो, तर फोर-स्ट्रोकचा पिस्टन दोन फेऱ्यांत एकदाच. म्हणून नियम करणारे या आकड्याला गुणक लावतात, कुठे १.८, कुठे २. झाले २३५४ किंवा थेट २६१६ सीसी. माझ्याकडे इंजिन बांधून घ्यायला येणाऱ्याला मी हा गुणाकार आधी करायला लावते. कारण 'एवढ्याशा इंजिनात एवढी ताकद' हा फायदा तिथेच संपतो.

मग उरतं काय? बरंच उरतं. इंजिन आखूड आणि हलकं असतं, त्यामुळे पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे, खाली बसवता येतं आणि वळणात गाडीचं नाक पटकन आत येतं. फिरणारे मुख्य भाग म्हणजे दोन रोटर आणि त्यांची ताकद बाहेर नेणारा एक एक्सेंट्रिक शाफ्ट. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, कनेक्टिंग रॉड नाहीत. चुकीचा गिअर पडून रेव्ह (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) वर गेले, तर वाकायला व्हॉल्व्हच नाही. शिवाय रोटर गोल फिरतो, पिस्टनसारखा दर वेळी थांबून उलटा फिरत नाही, म्हणून कंप फार कमी. पण हाच गुण ड्रायव्हरला फसवतो. वरच्या रेव्हलाही इंजिन तक्रार करत नाही, त्यामुळे रेडलाइन, म्हणजे रेव्हची सुरक्षित मर्यादा, कधी आली ते कळत नाही. माझदाच्या आरएक्स-७ मध्ये कंपनीने त्यासाठी बझर दिला होता. तुम्ही शिफ्ट लाइट (गिअर बदलायची वेळ झाली की पेटणारा दिवा) लावा, आणि ती डोळ्यांसमोर लावा.

'रोटरी टिकत नाही' असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते, कारण या इंजिनाचं नाव लांब पल्ल्याच्या रेसमध्येच झालं. १९६८ मध्ये नुर्बुर्गरिंगच्या ८४ तासांच्या रेसमध्ये माझदाची कॉस्मो चौथी आली. १९८१ मध्ये आरएक्स-७ ने स्पाची २४ तासांची रेस जिंकली. आणि १९९१ ची ले मान्सची २४ तासांची रेस! ती जिंकणाऱ्या माझदाच्या ७८७बी मध्ये चार रोटरचं आर२६बी इंजिन होतं. दर रोटरला तीन प्लग, सिरॅमिकच्या एपेक्स सील (रोटरच्या तीन टोकांवरच्या, कक्ष बंद ठेवणाऱ्या पट्ट्या), रेव्हप्रमाणे लांबी बदलणाऱ्या इनटेकच्या नळ्या आणि सुमारे ७०० अश्वशक्ती. हर्बर्ट, वाइडलर आणि गाशो या तिघांनी ती ३६२ लॅप चालवली. इंधनावर मर्यादा असलेली रेस पेट्रोल पिणाऱ्या इंजिनाने जिंकली, हे मला आजही विलक्षण वाटतं. मात्र त्या गाडीला ८३० किलो वजनाची मुभा होती आणि मोठ्या प्रतिस्पर्ध्यांना १००० किलोची अट, हेही सांगायला हवं. जिंकली म्हणून रोटरीवर बंदी आली, ही गोष्ट मात्र खरी नाही. रोटरीला बाहेर ठेवणारा साडेतीन लिटरच्या इंजिनांचा नियम त्या विजयाआधीच ठरला होता.

आता अडचणी. सगळ्यांचं मूळ एकच, ज्वलनकक्षाचा आकार. तो लांबट आणि चपटा असतो, शिवाय पेटता पेटता पुढे सरकत असतो. धातूचा पृष्ठभाग जास्त, म्हणून ज्योत कडेला विझते आणि काही पेट्रोल न जळताच एक्झॉस्टमध्ये जाऊन तिथे पेटतं. थ्रॉटल सोडल्यावर मागून निघणारी ज्वाळा पाहायला छान दिसते, पण ते तुमचं पेट्रोल असतं. लांब रेसमध्ये याची किंमत एका जादा पिटस्टॉपएवढी होऊ शकते, तेव्हा लॅपटाइमबरोबर दर लॅपचं पेट्रोलही मोजा.

दुसरी अडचण उष्णतेची. पिस्टनच्या सिलिंडरमध्ये एकाच जागी थंड मिश्रण येतं आणि तिथेच ते पेटतं. रोटरीच्या हाउसिंगची, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाची, एक बाजू कायम तापलेली आणि दुसरी कायम गार. अशाने अ‍ॅल्युमिनियम ओढलं जातं, हाउसिंगमधल्या पाण्याच्या सील दबतात आणि एक दिवस पाणी आत शिरतं. रोटरची उष्णता तर तेलच बाहेर काढतं. शाफ्टमधल्या जेटमधून ते रोटरच्या पोटात फवारलं जातं. म्हणून ऑइल कूलर मोठा घ्या आणि त्याला रेडिएटरच्या उष्ट्या हवेमागे न ठेवता स्वतंत्र हवा द्या. पैसे कमी असतील तर टर्बो पुढच्या वर्षी घ्या, कूलर आज.

तिसरी अडचण एपेक्स सील. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं किंवा ठिणगी फार लवकर पडू लागली की डिटोनेशन, म्हणजे कक्षात अनियंत्रित स्फोट, होतं आणि सील तुटते. तुकडा एक्झॉस्टमधून जाताना टर्बोची पातीही घेऊन जातो. १३बी मध्ये दर रोटरला दोन प्लग असतात, खालचा लीडिंग प्लग आधी आणि वरचा ट्रेलिंग नंतर पेटतो. त्यांच्या वायरींची अदलाबदल होऊ नये म्हणून मी दोन रंगांची टेप लावते. रेसमध्ये बरेच जण सीलना थोडं थोडं तेल देणारा मीटरिंग पंप काढून पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोक तेल मिसळतात. मग प्रत्येक कॅनवर 'मिसळलं' किंवा 'कोरं' असं ठळक लिहा. पिटमधल्या घाईत कोऱ्या पेट्रोलचा एक कॅन टाकीत गेला, तर सील कोरड्या घासतात.

जुनं इंजिन विकत घेताना कॉम्प्रेशन, म्हणजे कक्षात किती दाब तयार होतो ते, तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन गरम करा, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, इग्निशन तोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्लगच्या जागी गेज लावून स्टार्टर फिरवा. रोटरीसाठीचा टेस्टर उत्तम. तो नसेल तर साध्या गेजमधला हवा धरून ठेवणारा व्हॉल्व्ह काढा आणि सुईच्या उसळ्या पाहा. रोटरला तीन बाजू, म्हणून तीन उसळ्या, आणि तिन्ही सारख्या हव्यात. दोन लागोपाठ कमी आणि एक ठीक असेल, तर त्या दोन कक्षांमधली एपेक्स सील गेली समजा. तिन्ही कमी असतील तर साइड सील (रोटरच्या सपाट बाजूंवरच्या) किंवा हाउसिंग झिजलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि तो खर्च सीलच्या खर्चासारखा नसतो. आवाजावरून निर्णय घेऊ नका. झिजलेलं इंजिनही कानाला गोड लागतं.

पोर्टिंग, म्हणजे हवा आत येण्याची तोंडं बदलताना, लोक हावरट होतात. हाउसिंगच्या कडेच्या घेरात केलेल्या पेरिफेरल पोर्टने वरच्या रेव्हला ताकद मिळते, पण खालच्या रेव्हला इंजिन अडखळतं आणि आवाज असा, की ध्वनिमर्यादा असलेल्या ट्रॅकवर गाडी तपासणीतच अडते. रोटरीला खाली टॉर्क आधीच कमी. छोट्या, वळणावळणाच्या ट्रॅकसाठी मी बाजूच्या सपाट भिंतीतलं साधं साइड पोर्टच सुचवते आणि फायनल ड्राइव्ह (चाकांआधीचा शेवटचा गिअर) आखूड करायला सांगते.

एक सवय आजपासून लावून घ्या. ट्रेलरवरून उतरवण्यापुरतं थंड इंजिन चालू करून लगेच बंद करू नका, गाडी ढकला. थंड इंजिनात जादा पेट्रोल जातं, ते सीलजवळचं तेल धुऊन टाकतं, कॉम्प्रेशन पडतं आणि मग गाडी सुरूच होत नाही. तसं झालंच तर पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, प्लग बाहेर काढून वाळवा, इग्निशन तोडून स्टार्टर थोडा थोडा फिरवत आतलं पेट्रोल बाहेर फेका. त्या वेळी प्लगच्या भोकांसमोर कुणाला उभं राहू देऊ नका आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा.