कॅप्स लॉकचं काम बदलताना या चुका टाळा

लिनक्स डेस्कटॉपवर कॅप्स लॉकला कंट्रोल किंवा एस्केप करणं एका ओळीत होतं. तरीही कुणाचा बदल लागूच होत नाही, कुणाचा पुन्हा लॉगिन केल्यावर उडून जातो. बहुतेक वेळा कमांड बरोबरच असते, फक्त ती चुकीच्या पातळीवर दिलेली असते. बटण दाबल्याची खबर आधी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला लागते, तिचा अर्थ एक्सकेबी (कीबोर्डची मांडणी सांभाळणारी यंत्रणा) लावतं आणि एक्सकेबीची सेटिंग्ज डेस्कटॉप ठरवतो.

म्हणून आधी सेशन एक्स११चं आहे की वेलँडचं (स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या अनुक्रमे जुन्या आणि नव्या यंत्रणा), ते बघा. वेलँडवर सेटएक्सकेबीमॅप ही एक्सकेबीचे पर्याय बदलणारी एक्स११ची कमांड चालवली तर तिचा परिणाम फार तर एक्सवेलँड या जोडथरातून चालणाऱ्या जुन्या ॲप्सपुरता राहतो. तिथे ग्नोम डेस्कटॉपमध्ये ट्वीक्स ॲप, केडीईमध्ये सिस्टीम सेटिंग्जमधला कीबोर्ड विभाग आणि स्वेमध्ये कॉन्फिग फाइल, हेच खरे मार्ग.

एक्समॉडमॅप या बटणांचे अर्थ बदलणाऱ्या कमांडच्या जुन्या युक्त्या अजून सगळीकडे सापडतात. नव्या सेटअपसाठी त्या वापरू नका. लेआउट पुन्हा लोड झाला किंवा कीबोर्ड काढून परत जोडला, की ते बदल पुसले जाऊ शकतात. शिवाय कॅप्स लॉकला जोडलेला 'लॉक' हा मॉडिफायर (इतर बटणांचा अर्थ बदलणारी खूण) आधी काढला नाही, तर बटण धड कंट्रोलही राहत नाही आणि धड कॅप्स लॉकही.

सर्वात जास्त वेळ खाते ती पर्यायांची भेसळ. सेटएक्सकेबीमॅपने दिलेला नवा पर्याय आधीच्या पर्यायांत मिसळतो, जुने आपोआप जात नाहीत. काल 'कंट्रोल:नोकॅप्स' (कॅप्स लॉकचं कंट्रोल) दिलं आणि आज 'कॅप्स:एस्केप' (कॅप्स लॉकचं एस्केप), तर एकाच बटणावर दोघांचा हक्क. त्यामुळे आधी रिकामा पर्याय देऊन पाटी कोरी करा, मग हवा तो द्या आणि क्वेरी करून खात्री करा. ग्नोमच्या जीसेटिंग्ज या सेटिंग्ज बदलायच्या कमांडमध्ये नेमकं उलटं घडतं: तिथे नवी यादी जुनीची जागा घेते. फक्त कॅप्सचा पर्याय लिहिलात, तर आधी लावलेली कंपोज की (विशेष अक्षरं लिहायचं बटण) किंवा लेआउट बदलायचं बटण गायब झालंच म्हणून समजा.

कॅप्स लॉक चालू असताना बदल करू नका. नंतर तो बंद करायला बटणच उरत नाही. अडकलात तर पर्याय काढा, लॉक बंद करा, पुन्हा लावा. सोबत 'शिफ्ट:बोथ_कॅप्सलॉक' ठेवलं तर दोन्ही शिफ्ट एकत्र दाबून लॉक मिळतो. ही सोय मला फार मोलाची वाटते.

टिचकी मारली तर एस्केप, दाबून धरलं तर कंट्रोल, हे एक्सकेबीच्या तयार पर्यायांतून मिळत नाही. त्यासाठी कीडी हे बटणांचं काम बदलणारं सॉफ्टवेअर वापरा. ते एक्सकेबीच्या खालच्या पातळीवर काम करत असल्यामुळे एक्स११, वेलँड आणि साधा कन्सोल, तिन्हीकडे चालतं. मात्र कंट्रोल आणि कॅप्स लॉकची अदलाबदल करणारा जुना 'कंट्रोल:स्वॅपकॅप्स' पर्याय तसाच राहिला, तर कीडीने पाठवलेला कंट्रोल वरच्या पातळीवर पुन्हा कॅप्स लॉक होतो. कॉन्फिग चुकून कीबोर्ड हाताबाहेर गेलाच, तर बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर एकत्र दाबा. कीडी बंद होतं.

एक तक्रार मात्र सेटिंग चुकल्यामुळे नसते. एका अक्षरासाठी कॅप्स लॉक चालू-बंद करणाऱ्यांचं दुसरं अक्षरही अनेकदा मोठं उमटतं. एक्सकेबीच्या नेहमीच्या रचनेत लॉक दुसऱ्यांदा दाबताक्षणी सुटत नाही, बोट उचलल्यावर सुटतो. वेगाने टाइप करत असाल तर मोठ्या अक्षरासाठी शिफ्टच वापरा.