पृथ्वी सपाट म्हणणाऱ्याशी वाद घालताना या चुका टाळा

20 किलोमीटरवरच्या दीपगृहाचा फोटो माझ्यापुढे धरून एकाने विचारलं, "पृथ्वी गोल असेल तर हे दिसतंच कसं?" दीपगृह 25 मीटर उंच. फोटो पाण्याच्या पलीकडून, उभं राहून काढलेला. त्याचा हिशेब तयार होता: अंतर मैलांत घ्या, त्याचा वर्ग करा, आठने गुणा, तितके इंच वस्तू खाली जाते. 20 किलोमीटरला 31 मीटर. म्हणजे दीपगृह अख्खं बुडायला हवं, आणि फोटोत वरचा दिवा लख्ख दिसत होता. मी म्हणालो, "फोटो बनावट असेल." उपग्रहांचे फोटो दाखवले की ही मंडळी नेमकं हेच म्हणतात. तिथेच मी हरलो, आणि हरायलाच हवा होतो.

या वादात गोल पृथ्वीवाले तोंडघशी पडतात ते बहुतेकदा स्वतःच्या अर्धवट भौतिकशास्त्रामुळे. खालच्यातल्या निम्म्या चुका माझ्याच आहेत.

समोरच्याचं सूत्र न तपासता मान्य करणं

आठ इंचांचं ते सूत्र खोटं नाही, पण ते डोळा अगदी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेला धरतं. माणूस असा बघत नाही. डोळा 2 मीटरवर असेल तर क्षितिज किती दूर? उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ गुणिले 3.57, म्हणजे सुमारे 5 किलोमीटर. तिथपर्यंत काहीच लपत नाही. उरलेल्या 15 किलोमीटरचा वर्ग करून 12.74 ने भागा, की लपलेली उंची मीटरमध्ये मिळते: साधारण साडेसतरा. त्यात हवेचं अपवर्तन धरा. खालची हवा दाट असल्याने प्रकाश किंचित खाली वाकतो. म्हणून मोजणीच्या कामात पृथ्वीची त्रिज्या सुमारे एक षष्ठांशाने मोठी धरण्याची पद्धत आहे. आता लपलेला भाग 14 मीटर येतो. 25 मधले 11 मीटर दिसायलाच हवेत. आता प्रश्न आपण विचारायचा: खालचे 14 मीटर कुठे गेले?

"कॅमेरा झूम केला की जहाज परत दिसतं" हा दावाही इथेच निकालात निघतो. लहान झाल्यामुळे न दिसणारं जहाज झूमने परत येतं, हे खरंच आहे. ते नाकारू नका. पूर्ण झूम करूनही ज्याचा फक्त वरचा भाग दिसतो, असं जहाज दाखवा.

अपवर्तन विसरल्याने काय होतं याचा धडा इंग्लंडमधल्या ओल्ड बेडफर्ड नावाच्या सरळसोट कालव्यावर मिळतो. 1838 मध्ये सॅम्युअल रोबॉथमने पाण्याच्या जेमतेम 20 सेंटिमीटर वर डोळा ठेवून सहा मैलांवर जाणारी होडी शेवटपर्यंत पाहिली आणि पृथ्वी सपाट ठरवली. पाण्यालगतच्या हवेत प्रकाश सगळ्यात जास्त वाकतो, तिथेच त्याने डोळा ठेवला होता. 1870 मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने 500 पौंडांची पैज घेऊन तोच प्रयोग केला, पण नजरेची रेषा पाण्यापासून सुमारे चार मीटर वर उचलली आणि मध्यावर आणि टोकाला तितक्याच उंचीची खूण लावली. मधली खूण टोकाच्या खुणेपेक्षा वर दिसली. पैज लावणाऱ्या जॉन हॅम्प्डनने ते मानलं नाहीच, उलट पुढे कितीतरी वर्षं वॉलेसचा पिच्छा पुरवला. पुरावा दिला की माणूस मानतोच, ही समजूत वॉलेसलाही महागात पडली.

दोनच काठ्या रोवणं

पृथ्वीचा परिघ मोजणाऱ्या प्राचीन ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनीसची गोष्ट सगळ्यांची आवडती. एका गावी सूर्य डोक्यावर, 800 किलोमीटर उत्तरेला रोवलेल्या काठीच्या सावलीचा कोन 7.2 अंश, म्हणून परिघ 40,000 किलोमीटर. इतकं सांगून थांबलात तर जाणकार प्रतिस्पर्धी हसेल. कारण सपाट जमीन आणि जवळचा सूर्य धरला तरी हीच सावली पडते. सूर्य तेवढा सुमारे 6,300 किलोमीटर उंचीवर मानावा लागतो, बस.

इरॅटोस्थेनीसला परिघ मोजायचा होता, पृथ्वी गोल हे तो धरूनच चालला होता. आपल्याला गोलपणच दाखवायचा आहे, म्हणून काठ्या तीन-चार हव्यात. पहिल्या गावापासून त्याच रेषेत 5,000 किलोमीटरवर कोन 45 अंश भरतो. सपाट जमिनीच्या हिशेबाने सूर्य 5,000 किलोमीटरवर आला. आणखी पुढे, 8,340 किलोमीटरवर, कोन 75 अंश: सूर्य आता 2,200 किलोमीटरवर! एकाच दुपारी एकच सूर्य तीन उंचींवर असू शकत नाही. गोल पृथ्वीवर मात्र दर अंशाला 111 किलोमीटर हा एकच आकडा सगळीकडे बसतो.

भलताच पुरावा पुढे करणं

फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोने 1851 मध्ये पॅरिसात टांगलेला लंबक पृथ्वी फिरते हे दाखवतो. आकाराबद्दल तो सरळ काही सांगत नाही. वेगवेगळ्या अक्षांशांवर लंबकाच्या झोक्याची दिशा वळण्याची गती वेगळी का, इथपर्यंत जायची तयारी असेल तरच तो काढा.

विमानाच्या खिडकीतला फोटोही नको. 10 किलोमीटर उंचीवर क्षितिज सुमारे 3 अंश खाली जातं, पण डावी-उजवीकडची वक्रता जेमतेम कळते आणि रुंद कोनाची लेन्स सरळ पट्टीलाही वाकवते. परिघाचा लहान तुकडा सपाटच भासतो, हे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच सांगून ठेवलंय.

गुरुत्वाकर्षणावर भाषण देणं

"गुरुत्वाकर्षण वगैरे काही नाही, जड वस्तू घनतेमुळे खाली जाते" असं कुणी म्हणालं की आपण न्यूटनपासून सुरुवात करतो. गरज नाही. घनतेला दिशा नसते. 'खाली' कुठे, हे कोण ठरवतं? वस्तूला वर ढकलणाऱ्या प्लावक बलाच्या सूत्रातही g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, बसलेला आहेच. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडा, पाणी भरा, झाकण उघडं ठेवा. धार लागेल. आता बाटली उंचावरून सोडा: पडत असताना धार थांबते. पाण्याची घनता तर तीच आहे. धार थांबते, कारण बाटली आणि पाणी एकाच त्वरणाने पडतात आणि पाण्याचा दाबच उरत नाही.

"ताशी 1,670 किलोमीटरच्या वेगाने फिरतो तर उडून का जात नाही?" याला एकच आकडा पुरे. विषुववृत्तावर त्या फिरण्याने वजनात फरक पडतो तो 0.3 टक्क्यांच्या आसपास. दिवसाला एक फेरी म्हणजे घड्याळाच्या तासकाट्याच्याही निम्मा वेग.

दहा मुद्द्यांमागे धावणं

एकाचं उत्तर पूर्ण व्हायच्या आत दुसरा मुद्दा येतो. जाऊ नका. एक मुद्दा धरा, आणि मोजण्याआधी दोघांनी आपापलं भाकीत कागदावर लिहा. माझी पसंती मार्च किंवा सप्टेंबरमधल्या संपातदिनाच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या दिवसाच्या, सूर्यास्ताला. उत्तर ध्रुव मध्यभागी असलेल्या त्यांच्या नकाशावर 5,000 किलोमीटर उंचीचा सूर्य धरला, तर विषुववृत्तावरच्या माणसाला सूर्यास्ताच्या वेळी तो क्षितिजापासून 19 अंश वर दिसायला हवा, वायव्येला, आणि दुपारच्या एक तृतीयांश आकाराचा. गोल पृथ्वीचं भाकीत: क्षितिजावर, बरोबर पश्चिमेला, दुपारइतकाच मोठा. दुपारचा फोटो सौर फिल्टर लावूनच काढा, आणि संध्याकाळी झूम तेवढाच ठेवा.