अ‍ॅक्रिलिकवर देवनागरी स्टेन्सिल कापताय? या चुका टाळा

सर्वांत जास्त शीट वाया जाते ती अक्षरांच्या पोटामुळे, म्हणजे आतल्या बंद जागेमुळे. ‘सुस्वागतम्’ टाइप करून तसंच कापायला दिलं, की ‘व’च्या गोलातला तुकडा आणि ‘म’मधला शिरोरेषेखालचा चौकोन लेझर मशीनमध्येच गळून पडतात. मग रांगोळी भरल्यावर तिथे नुसता ठिपका उमटतो. अशा प्रत्येक पोटाला आजूबाजूच्या शीटशी जोडणारे दोन ब्रिज, म्हणजे न कापलेल्या अरुंद पट्ट्या, ठेवा. एकाच ब्रिजवर लोंबणारा तुकडा पहिल्या पुसण्यातच मोडतो. २ मिमी शीटला ब्रिजही किमान २ मिमी रुंद हवा. हाताळणी जास्त असेल तर ३.

शिरोरेषेकडे तर नीट लक्ष द्याच. ती सलग कापली, तर दोन अक्षरांमधली पट्टी फक्त खालून धरलेली राहते, वर आधार नाही. म्हणून दर एक-दोन अक्षरांमागे शिरोरेषा थोडी तोडा. वाचायला काही अडत नाही आणि स्टेन्सिल कितीतरी जास्त टिकतं.

दुसरी चूक स्क्रीनवर दिसतच नाही. युनिकोड फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. काळा रंग भरलेला असताना सगळं एकसंध वाटतं, पण लेझर प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो आणि मधेच नको त्या चिरा पडतात. डिझाइन कोरलड्रॉमध्ये असेल तर अक्षरं कर्व्ह करून (फॉन्टऐवजी नुसत्या आकारात बदलून) वेल्ड करा, म्हणजे एकसंध जोडा; इंकस्केपमध्ये त्यालाच युनियन म्हणतात. मग वायरफ्रेममध्ये, म्हणजे रंगाशिवाय नुसत्या रेषा दाखवून, बघा. कर्व्ह न करता फाइल पाठवली आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला, तर जोडाक्षरं तुटतात ते वेगळंच.

कड वितळून चिकटत असेल, तर फाइलमध्ये एकावर एक दोन रेषा आहेत का ते आधी तपासा. तीच जागा दोनदा कापली जात असते. आतली अक्षरं आधी, बाहेरची चौकट शेवटी कापा, नाहीतर सुटी झालेली शीट सरकते.

पारदर्शक अ‍ॅक्रिलिक निळ्या डायोड लेझरने कापलं जात नाही, त्याला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरच लागतो. अ‍ॅक्रिलिक म्हणून पीव्हीसीची शीट मात्र चुकूनही मशीनमध्ये घालू नका: त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड फुप्फुसांना घातक असतो आणि मशीनही गंजवतो. अ‍ॅक्रिलिक पेटही घेतं, तेव्हा कटिंग संपेपर्यंत मशीनपासून हलू नका.

ताज्या कापलेल्या कडेला थिनर किंवा स्पिरिट लावलं, की बारीक तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं.